दात काढताना खड्ड्यात ‘बोन ग्राफ्ट’ भरायचा का?

सोलकढी | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आईचे (वय ६१, राहणार चिपळूण) दोन दात काढायचं ठरतंय. एक वरचा पुढचा, पटाशीचा. त्याचं फार पूर्वी रूट कॅनाल झालंय, आता मुळाला उभा तडा गेलाय म्हणतात आणि हिरडीवर अधूनमधून पुळी येते. दुसरी खालची डावीकडची शेवटची दाढ. भोवतालचं हाड गेल्यामुळे ती बोटाने हलते.

तिकडचे डॉक्टर म्हणाले, दात काढले की लगेच दोन्ही खड्ड्यांत बोन ग्राफ्ट (हाडाची किंवा हाडासारखी पावडर) भरू, वरून मेम्ब्रेन (पातळ पडदा) लावू, म्हणजे जबड्याचं हाड बसणार नाही. भावाने पुण्यात एकांना एक्स-रे पाठवले, तर ते म्हणाले काही गरज नाही, खड्डा आपोआप भरतो. दोघंही अनुभवी. आम्ही मधल्या मध्ये लटकलोय.

खर्चाचा प्रश्न आहेच, पण आईची अडचण वेगळी आहे. ती माळकरी. दवाखान्यातल्या मुलीने ‘गायीच्या हाडाची पावडर असते’ असं सहज सांगितलं आणि मातोश्रींनी तिथूनच घरचा रस्ता धरला. कुणाला माहिती किंवा अनुभव असेल तर सांगा.

ठेचा_भाकरी | सोमवार, रात्री ९.३४

ताई, हे सगळं बिल वाढवायचं काम. आमच्या अकोल्याच्या घरात आजोबांचे गेले, मोठ्या काकांचे गेले, कुणी पावडर भरली? खड्डा महिन्याभरात भरला आणि म्हाताऱ्याने हिरड्यांनी हुरडा खाल्ला. दात काढा, कापूस दाबून धरा, विषय संपला.

कैरी | सोमवार, रात्री ९.४१

ठेचा +१. मात्र वरचा दात काढायचाय, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या. आमच्याकडे म्हणतात वरचे दात काढले की नजर जाते.

दंतकथा | सोमवार, रात्री ११.०५

कैरी, दात आणि डोळा यांच्या नसा वेगळ्या. वरचा दात काढल्याने नजर जात नाही. या समजापायी पू झालेले सुळे वर्षानुवर्षं तोंडात ठेवणारे लोक मी रोज बघते.

सोलकढी, मी सांगलीला प्रॅक्टिस करते. न तपासता इथे निदान करणार नाही, पण तत्त्व सांगते. पुण्याचे डॉक्टर आणि ठेचा, दोघंही अर्धे बरोबर आहेत.

खड्डा भरतो हे खरंच. दात निघाला की रक्ताची गाठ धरते. आठवड्याभरात तिच्या जागी नवी मऊ पेशीजाल येते, महिना-दीड महिन्यात कच्चं हाड दिसू लागतं, आणि चार-सहा महिन्यांत खड्डा आतून हाडाने भरतो. त्यासाठी पावडर लागत नाही. अडचण भिंतींची आहे. विहीर आतून बुजत असताना तिचा एका बाजूचा कठडा ढासळत जावा, तसं होतं.

कठडा का ढासळतो? दाताच्या मुळाला हाडाशी बांधून ठेवणारं धाग्यांचं एक पातळ अस्तर असतं. खड्ड्याच्या आतल्या बाजूचा हाडाचा थर या धाग्यांना धरून असतो आणि त्यांच्या जिवावरच जगतो. दात गेला की धागे गेले, मग त्या थराला काम उरत नाही आणि शरीर तो शोषून घेतं. टाळूकडची भिंत जाड असते, तिथे फार बिघडत नाही. ओठाकडची भिंत वरच्या पुढच्या दातांत बहुतेकांना एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, म्हणजे ती जवळजवळ त्या थराचीच बनलेली. ती जाते. अराउजो आणि लिंडे यांनी २००५ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे टप्प्याटप्प्याने दाखवलं. आठव्या आठवड्यात बाहेरच्या भिंतीचा काठ आतल्या भिंतीपेक्षा दोनेक मिलिमीटर खाली उतरला होता.

माणसांचे आकडेही आहेत. डेन्मार्कमधल्या २००३ सालच्या अभ्यासात ४६ रुग्णांच्या काढलेल्या दाढा-उपदाढांच्या जागा वर्षभर मोजल्या. जागेची रुंदी १२ मिलिमीटरवरून सहाच्या आसपास आली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. म्हणजे ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याकडे जे नंतर उरतं ते निम्मं.

आता दुसरी बाजू, कारण आमच्या क्षेत्रात ती कमी सांगितली जाते. ग्राफ्टने ही झीज थांबत नाही, फक्त कमी होते. कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र करून पाहिल्या. नुसता दात काढण्याच्या तुलनेत ग्राफ्टने रुंदी आणि उंची सरासरी एक ते दीड मिलिमीटरने वाचते, एवढंच निघालं, आणि पुरावा फार कच्चा आहे असं त्यांनीच लिहिलंय. ग्राफ्ट केलेल्या जागेतलं इम्प्लांट (खोट्या दातासाठी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू) जास्त टिकतं असंही त्यातून सिद्ध झालं नाही.

मग एक मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप का? खालच्या जबड्याच्या मागच्या बाजूला हाड मुळातच रुंद असतं, तिथे एका मिलिमीटरने फारसं काही ठरत नाही. पुढच्या दाताला इम्प्लांटच्या ओठाकडे दीड-दोन मिलिमीटर तरी हाड लागतं. तिथे गेलेला एक मिलिमीटर हसताना दिसतो. हिरडी मागे सरकते, दात लांब दिसतो, कडेला करडी सावली येते.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना आधी एवढंच विचारा, की या जागी पुढे काय बसवणार. ते दात काढायच्या आधी ठरलं पाहिजे. पुढचा दात आणि मागची दाढ यांचं उत्तर एक असायचं कारण नाही.

आणि आई कोणकोणती औषधं घेतात ते लिहा. सगळी, अगदी आठवड्यातून एकदा घ्यायची असली तरी.

ठेचा_भाकरी | मंगळवार, सकाळी ८.१५

वाचलं. शोषून घेतं वगैरे ठीक आहे. पण तुम्हीच म्हणता पुरावा कच्चा. मग सरसकट दोन्ही खड्ड्यांत भरू म्हणणारा डॉक्टर काय पाहून म्हणतो?

दंतकथा | मंगळवार, दुपारी १.५०

हा प्रश्न त्या डॉक्टरांना विचारण्यासारखाच आहे. सरसकटपणा मलाही पटत नाही. पण पुरावा कच्चा असणं आणि उपयोग नसणं या दोन गोष्टी वेगळ्या. कच्चा म्हणजे चाचण्या लहान, पद्धती वेगवेगळ्या, प्रत्येकाचं मोजमाप निराळं.

सोलकढी | मंगळवार, दुपारी २.३०

ताई, खूप आभार. आईची औषधं: बीपीची रोज एक. आणि हाडं ठिसूळ झालीत म्हणून ‘रविवारची गोळी’, सकाळी उपाशीपोटी भांडंभर पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ती तीन-चार वर्षं चालू आहे. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ‘फक्त बीपीची’ असं सांगितलं तिने. रविवारची गोळी तिच्या लेखी औषधात मोडत नाही, कॅल्शियमसारखंच काहीतरी आहे.

दंतकथा | मंगळवार, रात्री १०.२०

मला शंका होतीच. ही गोळी बहुधा अ‍ॅलेंड्रोनेट गटातली असेल, चिठ्ठीवर नाव बघा. आता ग्राफ्टपेक्षा हे आधी.

ही औषधं हाड शोषणाऱ्या पेशींना आवर घालतात, म्हणून ठिसूळ हाड मोडण्यापासून वाचतं. जबड्याचं हाड मात्र सतत स्वतःला मोडून नव्याने बांधत असतं, आणि दात काढल्यावर जखम भरायला त्या मोडण्या-बांधण्याची गरज लागते. ती अडली तर क्वचित एखाद्याचा खड्डा भरतच नाही, हाड उघडं पडतं आणि मरतं. २००३ पासून वैद्यकीय साहित्यात याची नोंद व्हायला लागली. ‘उघडं हाड आठ आठवड्यांहून जास्त’ ही त्याची खूण.

घाबरू नका. हाडांच्या ठिसूळपणासाठी जो डोस देतात, त्यात हा धोका फार कमी आहे. कॅन्सर हाडांत पसरलेल्या रुग्णांना हीच औषधं शिरेतून मोठ्या प्रमाणात देतात, तिथे तो कैक पटींनी जास्त. पण दात काढणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे. मग तो हाड कमीत कमी दुखवतो, एकाच वेळी सगळीकडे हात घालत नाही, टाके घालून जखम झाकतो, प्रतिजैविक आणि गुळण्यांचं औषध देतो, आणि भरेपर्यंत पुन्हापुन्हा बघतो.

स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. काढण्याआधी काही महिने थांबवल्याने फायदा होतो का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. ते हाडांच्या डॉक्टरांनी आणि दाताच्या डॉक्टरांनी बोलून ठरवावं. ठिसूळ हाडांसाठीच सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन वाचकांपैकी कुणी घेत असेल तर त्यांनी तर ते अजिबात लांबवू नये. ते चुकलं की मणक्याची हाडं मोडल्याची उदाहरणं आहेत.

मी_अनामिका | मंगळवार, रात्री ११.००

थोडं अवांतर, पण याच धाग्यात असावं म्हणून लिहिते. माझ्या यजमानांना गालाचा कॅन्सर होता. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये रेडिएशन सुरू करायच्या आधी दातांच्या विभागात पाठवलं, आणि जे दात टिकणार नव्हते ते आधीच काढले. त्यानंतर जखमा भरायला वेळ देऊन मग रेडिएशन. तेव्हा वाटलं, एवढं मोठं दुखणं चालू असताना दातांचं काय काढलंय यांनी. तिथल्या एका डॉक्टरांनी समजावलं, की किरणांमुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि तो पुढे कधीच पूर्वीसारखा होत नाही. नंतर दात काढायची वेळ आली तर हाड मरू शकतं. दहा वर्षांनीसुद्धा.

गुटखा, मावा, तंबाखू यांनी आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर इतका आहे, की हे घराघरात माहीत असायला हवं. रेडिएशन झालेल्याने गल्लीतल्या दवाखान्यात दात काढायला जाताना ते आधी सांगावं.

दंतकथा | मंगळवार, रात्री ११.१५

अनामिका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. रेडिएशनच्या दोन-तीन आठवडे तरी आधी दात काढले जावेत असा आमचा प्रयत्न असतो.

गारठलेला_गण्या | बुधवार, पहाटे ५.४०

इकडे मिनेसोटात माझी दाढ काढली तेव्हा ग्राफ्ट हवा का असं विचारलंच नाही, फॉर्मवर आधीच टिकमार्क. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, माणसाचं हाड आहे. मरणोत्तर दान केलेलं, प्रक्रिया करून कुपीत भरलेलं. दोन मिनिटं खुर्चीत गप्प बसलो. सोलकढी, गाय एवढा एकच पर्याय नाही हे नक्की. आपल्याकडे काय काय मिळतं, ते ताई सांगतील.

दंतकथा | बुधवार, दुपारी २.१०

हो, हे राहिलं होतं. पर्याय मुख्यतः चार.

पहिला स्वतःचंच हाड. सर्वांत उत्तम, पण ते दुसरीकडून काढावं लागतं. एका खड्ड्यासाठी कोण काढणार?

दुसरा गण्याने लिहिलेला, दात्याचं हाड. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. दान मिळालेलं हाड गोठवून वाळवतात, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. दाताच्या दवाखान्यांत ते वापरलं जातं. चार-पाच महिन्यांत बरंचसं विरघळून त्या जागी आपलं हाड येतं.

तिसरा प्राण्यांचा. जगभर सर्वांत जास्त वापरला आणि अभ्यासला गेलेला ग्राफ्ट म्हणजे स्वित्झर्लंडचा बायो-ऑस. तो गोवंशाच्या हाडापासून करतात, त्यातला सेंद्रिय भाग काढून फक्त खनिजाचा सांगाडा ठेवतात. तो फार हळू विरतो, कण वर्षानुवर्षं राहतात. आकार टिकवायला तेच उपयोगी पडतं. दुसरी गोष्ट फार कमी लोक विचारतात. वरून लावायचं मेम्ब्रेन सहसा कोलॅजनचं असतं, आणि ते बहुतेकदा डुकराच्या किंवा गायीच्या ऊतीपासून केलेलं. तुम्ही पावडर टाळली आणि मेम्ब्रेनची चौकशी केली नाही, तर माळकरी आईच्या दृष्टीने काहीच साधलं नाही. माझ्याकडे जैन आणि मुस्लिम रुग्णही हा प्रश्न विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. खोक्यावर मूळ लिहिलेलं असतं. डॉक्टरांना खोकं दाखवायला सांगा.

चौथा कृत्रिम. कॅल्शियम फॉस्फेटचे प्रकार, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास. यात प्राणी नाही, माणूस नाही. तुमच्या आईंना हा चालेल. सोबत स्वतःच्या रक्तापासून बनवलेला पीआरएफचा पडदा वापरता येतो, म्हणजे मेम्ब्रेनचा प्रश्नही बऱ्याच वेळा सुटतो. हाताच्या शिरेतून रक्त घेऊन लगेच यंत्रात फिरवतात, वर फायब्रिनचा पिवळसर गोळा येतो, तो दाबून पडदा करतात. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास ही पद्धत आली. हिरडी लवकर भरते, दुखणं कमी राहतं, एवढं मी बघितलंय. नुसत्या पीआरएफने हाड वाचतं असं जे इन्स्टाग्रामवर सांगतात, त्याला तितका आधार नाही.

निवृत्त_नाना | बुधवार, संध्याकाळी ६.००

ठेचांच्या आजोबांच्या हुरड्यावरून लिहावंसं वाटलं. माझं वय ७४. चाळिशीनंतर एकेक करत सगळे दात काढले, तेव्हाची पद्धतच ती. पूर्ण कवळी केली. वरची अजून चिकटून बसते. खालची पहिली काही वर्षं बरी होती, मग हलायला लागली, आता बोलताना जिभेवर उचलली जाते. चार वेळा नवी केली, दरवेळी थोडे दिवस सुख. नव्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवला तर खालच्या जबड्याची उंचीच उरलेली नाही. पोह्यांतले शेंगदाणे वेचून बाजूला काढतो, अजून काय सांगू?

त्या काळी कुणी सांगितलं असतं की दोन सुळे राहू द्या, तर ठेवले असते.

दंतकथा | बुधवार, रात्री ९.४५

नाना, तुमच्या बाबतीत घडलं ते अगदी नोंदलेलं आहे. टालग्रेन यांनी १९७२ साली पूर्ण कवळी घालणाऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. हाडाची झीज पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असते, पण ती कधीच थांबत नाही, आणि खालच्या जबड्यात ती वरच्यापेक्षा सुमारे चौपट. म्हणूनच कवळ्यांच्या बहुतेक तक्रारी खालच्याच असतात.

दोन सुळ्यांचं म्हणालात ना, तेही मोजून झालंय. १९७८ च्या एका अभ्यासात काहींचे खालचे दोन सुळे मुळांसकट ठेवले, रूट कॅनाल करून हिरडीपाशी बुटके केले आणि वरून कवळी बसवली. पाच वर्षांत त्यांच्या पुढच्या भागातलं हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं. ज्यांचे सगळे काढले होते त्यांचं ५.२. कुठलीही पावडर याच्या जवळपास जात नाही. हाड वाचवायचा सर्वांत स्वस्त ग्राफ्ट म्हणजे स्वतःच्या दाताचं मूळ, आणि ते काढण्याची आपल्याला फार घाई असते. आमच्या धंद्यालाही.

तुम्हाला अजूनही खाली दोन छोटी इम्प्लांट घालून कवळी त्यावर टिचकीच्या बटणासारखी बसवता येते का ते विचारा. उरलेल्या हाडात पुढच्या भागात बहुधा जागा असते. इम्प्लांटच्या आसपास झीजही मंदावते.

निवृत्त_नाना | बुधवार, रात्री ९.५८

या वयात?

दंतकथा | बुधवार, रात्री १०.०२

वयाची अट नाही, तब्येतीची आहे. साखर किती?

निवृत्त_नाना | बुधवार, रात्री १०.१०

तीन महिन्यांच्या सरासरीची (एचबीए१सी) ६.९ आली होती.

दंतकथा | बुधवार, रात्री १०.१२

मग जा बिनधास्त. येत्या आठवड्यातच.

रेवा_काठी | गुरुवार, सकाळी ११.३०

इंदूरहून. माझा मुलगा १३ वर्षांचा, क्रिकेटचा चेंडू लागून वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला होता. शाळेतल्या सरांनी तो दुधात घालून दिला, दवाखान्यात परत बसवला, ते लोक फार हुशारीने वागले. पण दोन वर्षं होत आली, आता डॉक्टर म्हणतात मूळ हाडाशी जुळून बसलंय आणि हळूहळू विरतंय. शेजारचे दात वाढतायत, हा तिथेच. काढून टाकू का म्हटलं तर ‘काढायचा नाही, वरचा भाग कापायचा आणि मूळ आत ठेवायचं’ म्हणाले. हे काय असतं?

दंतकथा | गुरुवार, दुपारी ३.००

हे ऐकून आनंद झाला, तुम्हाला चांगले डॉक्टर मिळालेत. वाढत्या वयात इम्प्लांट घालता येत नाही. इम्प्लांट जागचं हलत नाही, जबडा वाढत राहतो, आणि दात वर अडकल्यासारखा दिसायला लागतो. मुलग्याला वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावंच लागेल, म्हणजे साधारण अठरा-वीसपर्यंत, आणि काहींना त्याहून पुढे.

आता तोवर हाड कसं टिकवायचं? जुळलेला दात उपटला तर त्याच्याबरोबर ओठाकडची भिंतही येते. म्हणून दिसणारा भाग कापून मूळ हिरडीखाली ठेवतात, वर हिरडी भरून येते. मूळ सावकाश विरतं आणि त्या जागी हाड येत जातं. वाढीच्या वयात तर वरच्या बाजूला थोडं नवं हाडही चढतं. स्वीडनमध्ये १९८४ साली ही पद्धत मांडली गेली. मधल्या काळात खोटा दात शेजारच्या दातांना चिकटवता येतो. त्या सरांना माझ्याकडून नमस्कार सांगा. निखळलेला दात मुळाला न धरता वरच्या भागाला धरायचा, दुधात ठेवायचा आणि अर्ध्या-एक तासात पोचायचं, हे प्रत्येक शाळेत माहीत असलं पाहिजे.

कैरी | गुरुवार, संध्याकाळी ७.२०

माझी अक्कलदाढ काढायचीय पुढच्या आठवड्यात. तिथे ग्राफ्ट?

दंतकथा | गुरुवार, रात्री ८.००

नको. तिथे पुढे काही बसवायचंच नाही. तसंच तारा लावायला मुलांच्या उपदाढा काढतात, तिथेही नको. शेजारचा दात सरकवून ती जागा भरायचीच असते.

दात काढल्यावरचं थोडक्यात, कारण हे सगळीकडे सांगतात: पहिला दिवस चूळ भरून थुंकायचं नाही, नळीने प्यायचं नाही, तपकीर-तंबाखू-सिगरेट बंद. मिश्री लावणाऱ्या बायका हे सांगत नाहीत, त्यांना वेगळं विचारावं लागतं. गाठ निसटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो, आणि साध्या वेदनाशामकाने तो जात नाही. मग दवाखान्यात या, घरी लवंग चघळत बसू नका.

ठेचा_भाकरी | गुरुवार, रात्री ९.१५

खर्चाचं कुणीच बोलत नाहीये. आमच्या इथे एका खड्ड्याच्या ग्राफ्ट-मेम्ब्रेनला जेवढे सांगितले, तेवढ्यात काढायचा खर्च चार वेळा निघाला असता.

दंतकथा | गुरुवार, रात्री ९.५०

दर गावागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे आकडा टाकत नाही. परदेशी पावडर आणि मेम्ब्रेन महाग पडतं. टिश्यू बँकेचं किंवा कृत्रिम त्यामानाने बरंच स्वस्त. मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं, इथे हिरड्यांच्या आणि शस्त्रक्रियेच्या विभागात हे होतं, फक्त खेपा घालाव्या लागतात.

पैसा जिथे खरंच वसूल होतो ती गोष्ट फुकट असते. काढणाऱ्याने दात हळू काढावा. दाढेची मुळं वेगळी करून एकेक काढावीत, ओठाकडच्या भिंतीवर पक्कड टेकवून जोर लावू नये, पातळ पात्याने धागे आधी सोडवून घ्यावेत. पूर्वी दात काढल्यावर खड्डा दोन्ही बाजूंनी बोटांनी गच्च दाबायला आम्हाला शिकवायचे. इम्प्लांट करायचं असेल तिथे आता ते करत नाहीत. या अर्ध्या तासाच्या सबुरीचं बिलात वेगळं कलम नसतं, म्हणून तिची जाहिरातही होत नाही.

गारठलेला_गण्या | शुक्रवार, पहाटे ५.१५

एक शंका. दात काढला की त्याच खड्ड्यात लगेच इम्प्लांट घातलं तर? भिंत जागेवर राहील ना, आतून आधार मिळाल्यावर?

दंतकथा | शुक्रवार, दुपारी १.३०

बरेच दिवस सगळ्यांना तसंच वाटायचं. पण कुत्र्यांवरचे आणि माणसांवरचे दोन्हीकडचे अभ्यास आले, आणि बाहेरची भिंत इम्प्लांट असूनही खाली गेलेली दिसली. थराला हवे असतात ते दाताचे धागे. टायटॅनियमला ते नसतात. लगेच इम्प्लांट घालतात तेव्हाही भिंत आणि इम्प्लांट यांच्यामधल्या फटीत ग्राफ्ट भरतात, तो यासाठीच.

सोलकढी | पुढचा बुधवार, रात्री ८.४०

धागा वर काढतेय. दरम्यान हाडांच्या डॉक्टरांशी बोललो, त्यांनी दाताच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. स्कॅनही झाला. पुढच्या दाताच्या ओठाकडची भिंत तड्याच्या रेषेत खालपर्यंत खाल्लेली निघाली.

चिपळूणचेच डॉक्टर कायम ठेवले. खोकं दाखवा म्हटल्यावर त्यांना राग येईल असं वाटलं होतं, उलट त्यांनी कपाटच उघडलं. ठरलं ते असं: मागची दाढ नुसती काढायची, कारण वरची समोरची दाढ कधीच गेलीय आणि आईला तिथे काही बसवायचं नाही. (ठेचा, अभिनंदन.) पुढच्या जागी कृत्रिम ग्राफ्ट आणि पीआरएफ. चार-पाच महिन्यांनी पुन्हा स्कॅन, आणि मग इम्प्लांट की ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात), ते गोळीचा विचार करून ठरवायचं. दोन्ही एकाच दिवशी काढणार नाहीत. आधी दाढ काढतील, ती नीट भरली की पुढचा.

आईचा शेवटचा प्रश्न: पुढचा दात कार्तिकीच्या आधी काढावा की नंतर? ती पंढरपूरला जाते.

दंतकथा | बुधवार, रात्री ९.३०

ब्रिज ठरला तरी ग्राफ्ट वाया जात नाही हेही त्यांना सांगा. हाड बसलं तर ब्रिजच्या मधल्या दाताखाली फट पडते, अन्न अडकतं आणि बोलताना हवा जाते.

कार्तिकी झाल्यावर काढा. टाके असताना गर्दीत, उघड्यावरचं खाणं आणि कुठलंही पाणी, हे नको. आणि टाके असताना पडद्याचा पांढरट तुकडा हिरडीबाहेर डोकावला तर तो ब्रशने किंवा बोटाने काढायचा नाही, फोन करून दाखवायला यायचं.

ठेचा_भाकरी | बुधवार, रात्री ९.४१

माउलींना आमचाही नमस्कार सांगा. आणि दाढेचे वाचलेले पैसे दिंडीला द्या.